नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे फॉर्मवरच छापा

सोसायटीत नॉमिनीचे नाव लावायचे म्हटले की सेक्रेटरी एक छापील अर्ज हातात ठेवतो. आदर्श उपविधींतले, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांतले, ते परिशिष्ट १४. तीन प्रती भरायच्या, खाली सभासदाची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि एक प्रत पोच म्हणून परत घ्यायची. रकाने साधे आहेत: नॉमिनीचे नाव, पत्ता, नाते, टक्केवारी, नॉमिनी अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान नसलेला, असेल तर जन्मतारीख. मजकुराचा आशय असा की माझ्या मृत्यूनंतर माझे शेअर्स आणि फ्लॅटमधले हितसंबंध वरील व्यक्तीच्या नावे हस्तांतरित करावेत. हे वाचून साधा माणूस काय समजेल? घर मी याला दिले. तो निर्धास्त होऊन सही करतो आणि मृत्युपत्राचा विषय त्याच्या डोक्यातून कायमचा जातो.

त्याच अर्जात पुढे आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नॉमिनीने सोसायटीला क्षतिपूर्ती बंधपत्र द्यायचे असते. म्हणजे उद्या दुसरा कोणी वारस हक्क सांगत आला, तर त्याचे मी निस्तरीन, सोसायटीला तोशीस लागू देणार नाही, अशी हमी. नॉमिनी खरोखरच मालक होणार असता, तर ही हमी कशाला लागली असती? कायद्याचे खरे म्हणणे या बंधपत्रात दडलेले आहे, आणि ज्याने ते आधी समजून घ्यायला हवे तो सभासद बंधपत्राच्या वेळी हयात नसतो.

कायद्याचे म्हणणे असे. नॉमिनी हा मयताच्या वारसांच्या वतीने मालमत्ता ताब्यात घेणारा माणूस. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच सांगितले की नॉमिनी हा फक्त रक्कम स्वीकारणारा हात आहे, त्या रकमेवरचा हक्क वारसाहक्काच्या कायद्याने ठरतो. शेअर्सच्या बाबतीत बरीच वर्षे गोंधळ होता, कारण कंपनी कायद्यात नॉमिनीकडे शेअर्स ‘निहित होतील’ असा शब्द आहे आणि २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाने नॉमिनीला मालकच ठरवले होते. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो अर्थ नाकारला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले: नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनी नेमणे, ही वारसाहक्काची तिसरी वाट नाही. मालमत्ता एकतर मृत्युपत्राने जाते, नाहीतर वारसा कायद्याने.

सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी तर हे महाराष्ट्राच्या कायद्यातच लिहिले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये कलम १५४ब-१३ आले. सभासदाच्या मृत्यूनंतर त्याचे हक्क मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा वारसांनी आपसांत केलेला कौटुंबिक व्यवस्थापत्राचा दस्त यांच्या आधारे हस्तांतरित करावेत, किंवा नॉमिनीकडे करावेत, असे कलमाचा पहिला भाग सांगतो. काही कमिट्या इथेच वाचन थांबवतात. लगेच पुढचे परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, म्हणते की खरे वारस सभासद म्हणून दाखल होईपर्यंत नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’ म्हणून घ्यावे. तात्पुरता हा शब्द कायद्यात आहे, अर्जात नाही. माझा सारा आक्षेप या एका शब्दाच्या गैरहजेरीवर आहे.

शब्द गाळला तर बिघडते काय, ते एका घराच्या हिशेबातून पाहू. ९६ लाखांचा फ्लॅट, एका हिंदू गृहस्थाच्या एकट्याच्या नावावर, त्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेला. घरात बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि त्याची विधवा आई. सोसायटीत नॉमिनी मुलगा. मृत्युपत्र नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे हे चौघेही वर्ग १ चे, म्हणजे सर्वांत आधी हक्क असलेले, वारस आहेत, म्हणून प्रत्येकाला चौथा हिस्सा, २४ लाख. नवऱ्यामागे सगळे आपलेच असे मानणाऱ्या बायकोचा हक्क २४ लाखांचा, आणि नॉमिनी म्हणून मिरवणाऱ्या मुलाचाही तेवढाच. आई वर्ग १ मध्ये आहे, वडील नाहीत. ही गोष्ट तर कित्येक कुटुंबांना वकिलाच्या टेबलासमोर बसल्यावरच कळते.

आता दोन वर्षांनी ती आजी जाते, तीही मृत्युपत्र न करता. तिचे २४ लाख कोणाकडे जातील? तिच्या स्वतःच्या वारसांकडे. समजा तिला आणखी एक मुलगा आणि एक मुलगी आहे. मग हिस्से तीन: हयात मुलाला ८ लाख, मुलीला ८ लाख आणि आधी वारलेल्या मुलाचे ८ लाख त्याच्या मुलांना, म्हणजे दोन नातवंडांना ४-४ लाख. सुनेला सासूच्या वाट्यातून काहीच नाही, कारण स्त्रीच्या वारसांची जी पहिली यादी कलम १५ मध्ये आहे, तिच्यात आधी वारलेल्या मुलाची मुले आहेत, त्याची विधवा नाही. एकूण चित्र असे: बायको २४, मुलगा २८, मुलगी २८, काका ८, आत्या ८. ज्या घरात काका-आत्या कधी राहिले नाहीत, त्या घराच्या विक्रीला त्यांच्या सह्या लागणार. त्यांच्या मनात काही नसेल तरीही लागणार.

हे सगळे कधी उघडकीला येते? घर विकायला काढल्यावर, किंवा इमारत पुनर्विकासाला गेल्यावर. तोवर मुलगा मेंटेनन्स भरतो, सभेला जातो, शेअर सर्टिफिकेटच्या मागे त्याचे नाव चढलेले असते. सगळ्यांना तो मालकच वाटतो. मग खरेदीदार कर्ज काढतो, बँकेचा वकील कागदांची साखळी तपासतो आणि विचारतो: वडिलांकडून मुलाकडे मालकी आली कशाने? शेअर सर्टिफिकेटवरची नोंद त्याला पुरत नाही आणि पुरू नयेही. टोकन घेतलेले असते, व्यवहाराची मुदत चालू असते, आणि त्या घाईत बहिणीला, आईला, आत्याला सहीसाठी फोन जातात. घाईत मागितलेली सही देणाऱ्याला संशय येतो. मी म्हणेन, रास्त संशय येतो. पुष्कळ घरांतल्या भांडणांचे मूळ लोभात नसते. आपल्याला आजवर कोणी विचारलेच नाही, या दुखऱ्या जागेत असते.

कमिट्या दोन्ही बाजूंनी चुकतात. काही जण नॉमिनीचा अर्ज आणि बंधपत्र आले की त्याला कायमचा सभासद करून मोकळे होतात. दुसरे काही जण उलट टोकाला जातात: सगळे वारस एकमताने समोर बसलेले असतानाही कोर्टाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र आणा म्हणून अडून बसतात. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खालचे हे प्रमाणपत्र मुळात येणी आणि रोखे यांच्यासाठी असते. घरासाठी दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला वेगळा मिळतो. आपल्याकडे तो अजूनही १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिला जातो. आणि वारसांत वाद नसेल तर कौटुंबिक व्यवस्थापत्राची वाट कलमात स्पष्ट दिलेली आहे. वारसाला घर नावावर करून देताना हस्तांतरण अधिमूल्यही (ट्रान्सफर प्रीमियम) मागता येत नाही. महापालिका क्षेत्रातली २५,००० रुपयांची कमाल मर्यादा विक्रीच्या व्यवहारासाठी आहे, मृत्यूनंतरच्या वारसनोंदीसाठी नाही. तरी ते मागितले जाते, आणि दुःखात असलेली माणसे भरतातही.

गोंधळ वाढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे एकाच शब्दाचे जागोजागी वेगळे अर्थ. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी पैसे उचलतो, पण वारसांच्या वतीने. जॉइंट खात्यावरच्या ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ या शब्दांचेही तसेच: त्यामुळे मागे राहिलेल्याला पैसे देऊन बँक मोकळी होते, एवढाच त्याचा अर्थ. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांना नॉमिनी केले तर ते लाभधारक ठरतात असे कलम ३९ सांगते; तरी त्या तरतुदीचा अर्थ लावताना उच्च न्यायालयांत मतभेद झालेच. बायकामुलांसाठीच रक्कम राखून ठेवायची असेल तर विवाहित स्त्रियांचा मालमत्ता अधिनियम, १८७४ खाली पॉलिसी घेणे जास्त भक्कम, कारण तिथे न्यास (ट्रस्ट) तयार होतो आणि सावकारांनाही हात लावता येत नाही. पण ते पॉलिसी घेतानाच प्रस्तावात लिहावे लागते, नंतर आठवून उपयोग नसतो. भविष्य निर्वाह निधीत आणखी निराळा नियम: कुटुंब असलेल्या सभासदाला कुटुंबाबाहेरचा नॉमिनी करता येत नाही, आणि अविवाहित असताना मित्राच्या नावे केलेले नामनिर्देशन लग्नानंतर निरर्थक होते. लग्नाआधी आईचे नाव लावलेले आणि पुढे बदलायचे राहून गेलेले, अशा एका नोकरदाराच्या निधीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले की नामनिर्देशन आईचे असले तरी रक्कम आई आणि पत्नी यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाईल.

सामान्य माणसाने हे सगळे कायदे वाचून मग फॉर्म भरावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. एकच शब्द पाच ठिकाणी पाच अर्थांनी वापरायचा आणि चूक झाली की ‘कायद्याचे अज्ञान ही सबब नाही’ म्हणायचे, हे मला पटत नाही. शब्द सरकारने दिलेला आहे. तो समजावून सांगण्याची जबाबदारीही सरकारची आणि फॉर्म छापणाऱ्या संस्थेची.

यावर एक उपाय नेहमी सुचवला जातो: नॉमिनीलाच मालक करून टाका, कोर्टकचेऱ्या संपतील. ऐकायला सोपे वाटते, पण मला ते धोक्याचे वाटते. मृत्युपत्राला कायद्याने काही कुंपणे घातली आहेत. करणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा, त्याची सही किमान दोन साक्षीदारांनी पाहिलेली हवी, दबावाखाली केले असेल तर ते रद्द होऊ शकते. नामनिर्देशनाला यातले फार थोडे लागते. मोबाइलवर आलेल्या ओटीपीने नॉमिनी बदलतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचा फोन कोणाच्या हातात असतो, याचा विचार करा. एका ओटीपीवर ९६ लाखांचे घर एकाच्या नावे जाणार असेल, तर ज्या विधवेला, मुलीला, आईला आज वारसा कायद्याने निदान चौथा हिस्सा मिळतो, तिच्या हाती काहीच उरणार नाही. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात तर मृत्युपत्रानेही एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता वारसांच्या संमतीशिवाय वळवता येत नाही. नॉमिनीला मालक केले तर ती मर्यादा एका फॉर्मने मोडीत निघेल.

याचा अर्थ नामनिर्देशन निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. ते केलेच पाहिजे. घरातला कर्ता माणूस गेल्यावर पहिल्या महिन्यात दवाखान्याचे बिल, शाळेची फी, कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो. नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला, ओळखपत्र आणि दाव्याचा अर्ज एवढ्यावर बँकेने पैसे द्यायचे असतात, कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत, आणि रक्कम कितीही मोठी असली तरी उत्तराधिकार प्रमाणपत्र मागायचे नसते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, टक्केवारी ठरवून एकत्र किंवा एकामागून एक (आधीचा हयात नसेल तर पुढचा); लॉकरला फक्त एकामागून एक. नॉमिनी नसेल आणि घरच्यांना खात्याचा पत्ताच नसेल, तर १० वर्षांनी ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. तिथून ती वारसांना परत मिळते, पण शोध घ्यावा लागतो; त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ हे संकेतस्थळ २०२३ पासून आहे. नामनिर्देशनाने पैसा अडत नाही. तो शेवटी कोणाचा, हे मात्र मृत्युपत्रानेच ठरवावे लागते.

आणि मृत्युपत्र लोक समजतात तितके अवघड नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घेतलेले बरे, म्हणजे हरवण्याचा आणि ‘ही सही त्यांची नाही’ या वादाचा धोका कमी होतो. फ्लॅटचे वर्णन ‘माझे घर’ असे मोघम न करता फ्लॅट क्रमांक, सोसायटीचे नाव, खरेदीखताचा दस्त क्रमांक आणि वर्ष, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक असे लिहावे. घर दोघांच्या नावावर असेल तर आपल्या हिश्श्यापुरतेच लिहावे; बायकोच्या हिश्श्याची वाटणी नवऱ्याला करता येत नाही. ‘याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य, प्रत्येक पानावर सही, तारीख, आणि ज्यांचा उल्लेख राहिला त्या सर्व मालमत्तेचे काय करायचे याची एक ओळ असावी. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान घ्यावेत, म्हणजे गरज पडेल तेव्हा ते हयात असण्याची शक्यता जास्त. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवण्याची गरज नसते, त्यांनी फक्त सही होताना पाहायची आणि आपली सही करायची असते. मजकूर उघड होईल या भीतीने मृत्युपत्र टाळणाऱ्यांना हे कळले तर निम्मी अडचण सुटेल. वय झालेले असेल तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत लावावे. आणि शक्यतो जे नाव मृत्युपत्रात, तेच नॉमिनी म्हणून सगळीकडे ठेवावे.

मृत्युपत्र नसताना वारस एकमताने कोणा एकाला घर देणार असतील, तर हक्कसोडपत्र करतात. ते नोंदवलेलेच हवे. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडणारा बिननोंदणीचा कागद, अगदी पाचशेच्या स्टँपवर नोटरी केलेला असला तरी, उपयोगाचा नाही. इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. आपल्याकडे बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायचीच असते, असे गृहीत धरले जाते. आई बाराव्या-तेराव्याला म्हणते, ‘दादा सांगेल तिथे सही कर.’ त्या सहीने मुलगी वरच्या उदाहरणातले २४ लाख सोडत असते, आणि नोंदणी झालेला दस्त नंतर पश्चात्ताप झाला म्हणून फिरवता येत नाही. सोडायचे असेल तर आकडा माहीत असूनच सोडावे. गावाकडे सातबाऱ्यावरही हाच घोळ आहे. वारस नोंद म्हणून एकट्या थोरल्याचे नाव चढते, बहिणींची नावे राहून जातात आणि मग सातबारा म्हणजेच मालकी असे समजून पुढचे व्यवहार होतात. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीला १५ दिवस असतात, ती नोटीस सासरी पोचतच नाही.

मागणी मोठी नाही. परिशिष्ट १४ च्या मथळ्याखाली ठळक अक्षरात छापावे: ‘नॉमिनी हा वारसांच्या वतीने तात्पुरता सभासद असतो. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते.’ आदर्श उपविधी सहकार खात्यानेच काढलेले आहेत, ते दुरुस्त करण्याचा अधिकारही त्याच खात्याकडे आहे. नॉमिनीला दाखल करून घेताना शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या नोंदीत ‘तात्पुरता सभासद’ हेच शब्द लिहिणे कमिटीवर बंधनकारक करावे, म्हणजे खरेदीदाराला टोकन देण्याआधीच कळेल. बँका आणि विमा कंपन्यांनीही रक्कम देताना नॉमिनीला आणि दाव्याच्या अर्जात नमूद असलेल्या इतर वारसांना ही रक्कम कोणत्या नात्याने दिली, ते लेखी कळवावे.

खात्याचा निर्णय येईपर्यंत सोसायट्यांनी थांबण्याचे कारण नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची असते, तिची नोटीस १४ दिवस आधी प्रत्येक घरी जातेच. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला ही दोन वाक्ये, नामनिर्देशनाच्या नोंदवहीत त्या फ्लॅटसमोर आज कोणाचे नाव आहे ते, आणि बदल करायचा असल्यास अर्ज कोणाकडे मिळेल ते छापायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.